यादीत नाव नाही म्हणून हक्क बुडू नये

कर्मचाऱ्याचा अर्ज पूर्वी टेबलावर अडत असे, आता तो पडद्यावर अडतो. रेल्वेत पास, भविष्य निर्वाह निधीतील अग्रिम इत्यादी कामे एचआरएमएस प्रणालीवर गेली आहेत. टपाल खात्याचे काउंटरही संगणकावर चालते. टेबलावरच्या बाबूशी वाद घालता येत असे, पडद्यावरच्या यादीशी घालता येत नाही. म्हणूनच ती यादी कोण आणि कशी बनवतो, हा संघटनेचा प्रश्न आहे.

अनेक रकान्यांत हाताने काही लिहायचे नसते, ड्रॉपडाऊन यादीतून निवडायचे असते. काही याद्या एकमेकींवर अवलंबून असतात. राज्य निवडले की त्याच राज्याचे जिल्हे दिसतात, जिल्हा निवडला की त्यातलेच तालुके. कोणत्या पर्यायाखाली काय दाखवायचे, याचा तक्ता मागे भरलेला असतो. त्यामुळे स्पेलिंगच्या चुका टळतात, नोंदी एकसारख्या राहतात. या सोयीला आपला विरोध असण्याचे कारण नाही. परंतु तक्ताच चुकला, तर खरी माहिती भरणारा अडकतो आणि ठपकाही त्याच्यावरच येतो.

नागपूरचेच पाहा. नागपूर विभाग दोन आहेत: एक मध्य रेल्वेचा, दुसरा दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा. तक्ता नुसत्या नावावर बांधला, तर गोंदियाच्या कर्मचाऱ्याची नोंद अजनीवाल्यांच्या विभागात पडू शकते. म्हणून आधी झोन, मग विभाग, आणि दोन्ही सांकेतिक क्रमांकांनी जोडलेले हवेत. झोन बदलला की आधी निवडलेला विभाग आपोआप पुसला गेला पाहिजे. नाहीतर नव्या झोनखाली जुना विभाग तसाच राहतो आणि अर्ज परत येतो.

टपाल बांधवांना पिनकोड नवा नाही. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो चालू आहे. पिनच्या हद्दी महसुली जिल्ह्याप्रमाणे आखलेल्या नाहीत, हे सॉर्टिंग करणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. ठाण्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. आज ४०१ ने सुरू होणारे पिन वसई-पालघरला आहेत, तसे ठाणे जिल्ह्यातल्या मीरा-भाईंदरलाही आहेत. शिवाय एका पिनखाली अनेक शाखा डाकघरे असतात. ‘पहिले तीन अंक म्हणजे जिल्हा’ असा नियम घालणाऱ्याने टपालाची पिशवी कधी उघडलेली नसावी.

जुन्या नोंदींचा प्रश्न याहून गंभीर आहे. २०२३ साली औरंगाबाद जिल्ह्याचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. यादीतून जुने नाव सरळ काढून टाकले, तर जुन्या सेवा-नोंदीतला रकाना रिकामा दिसू शकतो, आणि तो सक्तीचा असेल तर पुढचे पानच उघडत नाही. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आलेल्या विधवा भगिनीला ‘सिस्टीम घेत नाही’ एवढेच उत्तर मिळते. जुना पर्याय नव्या नोंदीसाठी बंद करावा, जुन्या नोंदीत मात्र तो कायम ठेवावा. हे तांत्रिकदृष्ट्या सहज शक्य आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. एक, असा तक्ता लागू करण्यापूर्वी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडून तपासून घ्यावा. दोन, प्रत्येक यादीत ‘इतर, कारण लिहा’ हा पर्याय असावा आणि तो पाहणारा जबाबदार अधिकारी नेमावा. तीन, यादीतील चुकीमुळे अर्जाला उशीर झाल्यास मूळ दिनांक ग्राह्य धरावा. चार, चूक दुरुस्त करण्याची मुदत ठरवून द्यावी.

शाखांनी आपापल्या ठिकाणच्या अशा अडचणी दिनांकासह लिहून काढाव्यात आणि पीएनएम व जेसीएमच्या बैठकींत विषय म्हणून द्याव्यात. ‘संगणक घेत नाही’ हे कोणाचेच अंतिम उत्तर असू शकत नाही. संगणकाला काय घ्यायचे ते माणसानेच सांगितलेले असते, आणि त्या माणसाला जाब विचारता येतो.