जुनी फटफटी घेण्यापूर्वी



भातकापणी आटोपली, झोडणी झाली, चार पैसे हाती आले की आपल्या कर्जत-खालापूर भागात घरोघरी मोटारसायकलीचा विषय निघतो. डेअरीला दूध घालायचे, भाजी बाजारात न्यायची, मुलांना शाळेत सोडायचे. एसटीच्या वेळांवर हे भागत नाही. नवी परवडत नाही, म्हणून जुनी पाहिली जाते.

मागच्या पंधरवड्यात कोंडाण्याचे एक शेतकरी असाच सौदा ठरवून भेटायला आले. गाडी चकचकीत, किंमत ३५ हजार, इसार दुसऱ्या दिवशी द्यायचा. सोबत आलेल्या त्यांच्या सौभाग्यवतींनी एकच विचारले, "साहेब, बैल घेताना दात बघतो, चालवून बघतो. हिचं काय बघायचं?" प्रश्न लाखमोलाचा होता. उत्तर सर्वांच्याच उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इंग्लंडात जुन्या गाडीची दरवर्षी सक्तीने तपासणी होते आणि तिची नोंद गिऱ्हाइकाला पाहता येते. आपल्याकडे घरगुती मोटारसायकलीची नोंदणी १५ वर्षांची असते. तेवढ्या काळात दरवर्षी अशी तपासणी होत नाही. पीयूसीचा दाखला फक्त धुराचा. ब्रेक, चाक, सांगाडा यांविषयी तो काही सांगत नाही. तेव्हा तपासनीस आपणच व्हायचे.

आधी कागद पाहावेत. आर.सी.वरील चेसिस व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. चेसिस क्रमांक बहुधा हँडलच्या मानेजवळ सांगाड्यावर कोरलेला असतो. तो जुळला नाही किंवा खरवडलेला दिसला, तर तेथूनच माघारी फिरावे. आर.सी.वर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव असेल, तर कर्ज फिटल्याचा दाखला व सही-शिक्क्याचा नमुना ३५ मागावा. 'एम-परिवाहन' ॲपवर गाडीचा क्रमांक घातला की नोंदणी व विम्याची मुदत दिसते. ई-चलनाचा दंड थकला आहे का, तेही पाहावे. १५ वर्षे भरत आली असतील, तर पुढील ५ वर्षांच्या नूतनीकरणाची फी, पर्यावरण कर व तपासणीपूर्वीची दुरुस्ती हा खर्च किमतीतून वजा धरावा.

सर्व्हिसिंगची बिले मागावीत. त्यांवर किलोमीटर लिहिलेले असतात. बिले तारखेप्रमाणे लावावीत. आकडा वाढत जाण्याऐवजी मध्येच मागे आला, तर मीटर फिरवलेला आहे असे समजावे. मीटर १५ हजार दाखवतो आणि पायाखालचे रबर, गिअरचा दांडा पार झिजलेला, तर झिजेवर विश्वास ठेवावा.

मग गाडीकडे वळावे. सकाळी, इंजिन थंड असतानाच पाहायला जावे. हात लावून ते गरम लागले, तर थांबावे. गरम इंजिन आपले दुखणे लपवते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काम खर्चाचे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. चेन-स्प्रॉकेटचे दाते आकड्यासारखे वाकले असतील, तर संच बदलावा लागेल. पुढच्या शॉकअपवर तेल ओघळलेले, मागून पाहता दोन्ही चाके एका रेषेत नसलेली, ही पडझडीची खूण. चालवताना चढ-उतार असलेला रस्ता घ्यावा. क्लच व ब्रेक तेथेच बोलतात.

कोकणात आणखी एक धोका असतो, पुरात बुडालेल्या गाडीचा. २६ जुलै २००५ किंवा जुलै २०२१ चा महाड-चिपळूणचा पूर आठवावा. सीटखाली, वायरिंगच्या जोडांत, हेडलाइटच्या आत वाळलेला गाळ सापडला, तर रंगाला भुलू नये.

शेवटी नावावर करणे. नुसती स्टँपपेपरवरची चिठ्ठी पुरत नाही. नमुना २९ व ३० भरून, खरेदीपासून ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयात नोंद बदलण्यासाठी अर्ज करावा. विमाही आपल्या नावावर घ्यावा. विकणाऱ्यानेही हे स्वतः पाहावे. गाडी विकली तरी दप्तरी ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे.

त्या कोंडाण्याच्या गाडीचे काय झाले? आर.सी.वर कर्ज देणाऱ्याचे नाव तसेच होते आणि आठ हप्ते बाकी निघाले. इसार दिलेला नव्हता, म्हणून वर्षाच्या भाताचे पैसे वाचले. आता ते दुसरी गाडी पाहत आहेत. या वेळी बाईच पुढे होऊन कागद मागतात.