छत झाकायचे होते, तर गिरणी कशाला?

लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारांत जाहिरात संस्था, वाहिन्या आणि सॉफ्टवेअर कंपन्या येऊन आता बराच काळ लोटला. या कार्यालयांची सजावट ठरून गेल्यासारखी झाली आहे. गिलावा खरवडून उघडी केलेली वीट, काळ्या रंगाचे एसीचे नळ आणि स्वागतकक्षात एखादे दातेरी चाक किंवा लाकडी बॉबिन. वर मात्र जिप्समचे सपाट फॉल्स सीलिंग आणि त्यात दिवसभर जळणारे दिवे. माझे म्हणणे असे, की गिरणीच्या शेडमध्ये सर्वांत मोलाचा तिचा उजेड आहे. वीट आणि गंज कुठेही उभे करता येतात. कार्यालयाचा आराखडा छतापासून सुरू व्हावा, आणि आज नेमके तेच सर्वांत आधी झाकले जाते.

करवतीच्या दात्यांसारखे दिसणारे ते छत शोभेसाठी कधीच नव्हते. साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, तुटलेला धागा दिसला पाहिजे, पण ऊन मागावर पडता कामा नये, म्हणून दात्याची उभी बाजू उत्तरेकडे ठेवून तिथे काच बसवत आणि उतरत्या दक्षिण बाजूला कौले किंवा पत्रे घालत. सावली न पाडणारा, दिवसभर जवळपास सारखा राहणारा हा उजेड संगणकाच्या पडद्यालाही मानवतो. ही रचना लँकेशायरहून आली, आणि मुंबईत ती थोडी फसतेही. मँचेस्टरला माध्यान्हीचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही. मुंबईत मात्र मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचे दिवस येतात आणि त्यांच्या दरम्यान दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला कलतो. त्यातले निम्म्याहून अधिक दिवस पावसाळी ढगांखाली जातात. उरलेल्या उन्हाळी आठवड्यांसाठी काचेबाहेर पट्ट्यांचा आडोसा पुरतो. तेवढ्यासाठी वर्षभराचा उजेड बुजवणे हा अजब हिशेब आहे.

उंच शेड थंड करायला वीज फार लागते, ही यावरची नेहमीची हरकत, आणि ती खोटी नाही. छताची काच आणि पत्रा उष्णता आत घेतात. खुद्द साचेखात्यातही सुख नव्हते. धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवत आणि कामगार त्यातच पाळी काढत. पण या हरकतीचे उत्तर फॉल्स सीलिंगपेक्षा चांगले मिळू शकते. रॉटरडॅमचा व्हॅन नेले कारखाना पाहा. 1925 ते 1931 या काळात कॉफी, चहा आणि तंबाखूसाठी बांधलेली ही इमारत जवळजवळ संपूर्ण काचेच्या भिंतीची आहे. उत्पादन थांबल्यावर तिथे कार्यालये आली. एकेरी काचेच्या त्या भिंतीमागे आजच्या कार्यालयाचा निभाव लागणे कठीण होते. वास्तुरचनाकार वेसल द यॉन्ग यांनी मूळ भिंतीला हात न लावता तिच्यापासून आत, थोडे अंतर सोडून, दुसरी काचभिंत उभी केली. मधली पट्टी ये-जा करायची वाट झाली आणि हवामानाचा मार झेलणारा पडदाही. 2014 मध्ये हा कारखाना युनेस्कोच्या यादीत गेला. आपल्याकडे याच तत्त्वाने शेडच्या आत बैठकीच्या, ध्वनिमुद्रणाच्या, सर्व्हरच्या स्वतंत्र बंद खोल्या उभारता येतील, आणि बाकी जागेत माणसे बसतात तेवढ्याच उंचीपर्यंत गार हवा सोडता येईल. आणखी एक व्यावहारिक बाब म्हणजे दोन दात्यांमधली पन्हळ. मुंबईच्या पावसात ती तुंबणार आणि गळणार. छत उघडे असेल तर गळती पहिल्याच दिवशी दिसते. फॉल्स सीलिंगमागची गळती जिप्सम कोसळल्यावर कळते.

भाड्याचा प्रश्न अधिक चिवट आहे. चौरस फुटाला पैसे मोजणारा भाडेकरू वरची रिकामी उंची वाया का घालवेल? पोटमाळा घालेल. घालू द्यावा, पण स्वतःच्या खांबांवर, जुन्या बिडाच्या खांबांवर भार न टाकता, काचेखालचा पट्टा मोकळा ठेवून आणि उद्या उतरवता येईल असा. बाहेर पडायचे रस्ते आधी आखून मगच बाकीचे आखावे. डिसेंबर 2017 मध्ये कमला मिल आवारात छतावरच्या पबना लागलेल्या आगीत 14 जण गेले. गिरण्यांच्या आवारात दाटीवाटीने भर घालताना ही आठवण प्रत्येक आराखड्यात असायला हवी.

सर्वांत गंभीर हरकत मात्र सौंदर्याची नाही. 1982 च्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यांच्या मागे उरलेल्या जमिनीचा एकेक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांना आणि परवडणाऱ्या घरांना देणारा 1991 चा नियम 2001 मध्ये फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरता आकसला, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. मग कंपन्यांच्या कार्यालयांसाठी शेड जपण्याचे कौतुक कोणी करायचे? हा राग रास्त आहे, आणि कुठलेही छत त्या घरांची भरपाई करणार नाही. पण शेड पाडल्याने ती घरे मिळाली असेही झाले नाही. बहुतेक ठिकाणी मनोरे आले. जी थोडी छते शिल्लक आहेत, तिथे कामगाराने कोणत्या उजेडात काम केले हे अजून प्रत्यक्ष पाहता येते, आणि भिंतीवर टांगलेल्या बॉबिनला ते सांगता येणार नाही.

म्हणून महापालिकेने आणि वारसा समितीने अशा शेडच्या अंतर्गत बदलांना परवानगी देताना छताचा उभा छेद मागावा आणि काच झाकणारा आराखडा परत पाठवावा. ज्या कंपनीला सपाट छत आणि दिवसाही दिवेच हवे आहेत, तिने शेजारच्या नव्या मनोऱ्यात जागा घ्यावी.