गव्हाच्या बिअरची साक्ष

बव्हेरियात तयार होणाऱ्या गव्हाच्या बिअरच्या बाटलीवर पुष्कळदा एक ओळ छापलेली आढळते: ही बिअर १५१६ च्या शुद्धतेच्या आज्ञेस अनुसरून केलेली आहे. ज्या आज्ञेचा हा हवाला, तिने बिअरमध्ये जव, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले आणि पाणी यांखेरीज काहीही घालण्यास मनाई केली होती. गव्हाचे नाव तीत नाही. म्हणजे ज्या कायद्याने ही बिअर निषिद्ध ठरते, त्याच कायद्याचा दाखला ती छातीवर मिरवीत आहे. एखाद्या पक्षकाराने असा दस्तऐवज न्यायालयात दाखल केला, तर विरुद्ध बाजूच्या वकिलास फारसे बोलावे लागत नाही. तो मोठ्याने वाचून दाखविला की पुरे. या लेखात आम्ही तेवढेच करणार आहोत.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी मद्याचा थेंबही येत नाही हे आम्ही जाणतो, आणि त्यांच्या नेमात आम्हांस ढवळाढवळ करावयाची नाही. मनुस्मृतीने सुरेचे गौडी, पैष्टी आणि माध्वी असे तीन प्रकार सांगून तिन्ही वर्ज्य ठरविले. पिठापासून होणारी पैष्टी ही बिअरच्याच कुळातील. उलट उज्जयिनीच्या कालभैरवास मद्याचाच नैवेद्य दाखविला जातो, हे इंदूर-ग्वाल्हेरकडील आमच्या वाचकांस सांगावयास नको. निषेध आणि नैवेद्य यांत एक गुण समान आहे: वस्तू काय आहे हे दोघेही लपवीत नाहीत. स्मृती सुरेस सुरा म्हणून वर्ज्य करते आणि पुजारी मद्यास मद्य म्हणूनच देवापुढे ठेवतो. आमची तक्रार तिसऱ्याच प्रकाराविरुद्ध आहे. कोणाचा तरी लाभ साधावयाचा आणि त्यावर शुद्धतेचे सोवळे पांघरावयाचे, हा तो प्रकार. बव्हेरियात तो कसा घडला ही हकीकत पिणाऱ्यास जितकी उपयोगी, तितकीच न पिणाऱ्यासही.

प्रथम साक्षीदाराची ओळख. आम्ही चाखली ती उन्हाळी, हलकी जात. नेहमीच्या गव्हाच्या बिअरमध्ये मद्यार्क पाच टक्क्यांच्या आसपास असतो, हिच्यात तीन टक्क्यांच्या आसपास. उंच पेला तिरपा धरून त्यात ती हळू ओतावयाची, आणि बाटलीत थोडी उरली की बाटली गोल फिरवून तळचा गाळही पेल्यात घ्यावयाचा. रंग फिकट पिवळा, पण काचेतून पलीकडचे दिसत नाही. तांदळाच्या धुवणात केशराची काडी पडावी तसा. वर पांढरा, दाट, बराच वेळ टिकणारा फेस. नाकाजवळ नेताच पिकल्या केळ्याचा वास येतो, गोव्याकडील रसबाळी केळ्याची आठवण करून देणारा, त्यामागून लवंग, आणि त्याहीमागे नुकत्याच भाजलेल्या पावाची ऊब. जिभेवर बारीक बुडबुड्यांची चुणचुण, पातळ ताकासारखा किंचित आंबटपणा, कडवटपणा नावापुरता. घोट घशाखाली उतरला की तोंड स्वच्छ होते, आणि भर उन्हाळ्यात हीच तिची खरी थोरवी. दोषही सांगितले पाहिजेत. हलकेपणाची किंमत शेवटच्या घोटांत द्यावी लागते. तेथे ती पाणचट वाटते. पेला कोमट झाला तर केळ्याचा वास गोडसर होऊन बाकी सर्वांवर कुरघोडी करतो. काही ठिकाणी पेल्याच्या कडेस लिंबाची फोड लावून देतात. तिने फेस बसतो आणि लवंग हरवते, म्हणून आम्ही ती बाजूस ठेवली.

आता उलटतपासणी. केळे आणि लवंग यांपैकी काहीही या बिअरमध्ये घातलेले नसते. धान्य भिजवून, मोड आणून, वाळविले म्हणजे माल्ट होते. गव्हाच्या बिअरमध्ये निदान निम्मे माल्ट गव्हाचे असते. गव्हाच्या दाण्यास टरफल नसल्यामुळे नुसत्या गव्हाचा काढा गाळणे कठीण, म्हणून जोडीस जव घेतात. या गोड काढ्यात विशिष्ट जातीचे यीस्ट सोडले की ते आंबविताना आयसोअमाइल ॲसिटेट नावाचे द्रव्य निर्माण करते; केळ्याचा वास तो. धान्यातील फेरुलिक आम्लाचे तेच यीस्ट रूपांतर करते. लवंगेचा वास तो. गव्हातील प्रथिने फेस धरून ठेवतात आणि पेय गढूळ राखतात. म्हणजे या बिअरची जी काही चव आहे ती दोघांची कमाई आहे, गव्हाची आणि यीस्टची. १५१६ च्या आज्ञेत या दोघांपैकी एकाचेही नाव नाही.

मग त्या आज्ञेत होते तरी काय? २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे चौथा विल्हेल्म आणि दहावा लुडविग या दोघा ड्यूकांनी ती जारी केली. तिच्या अग्रभागी आहे तो भाव. मिकाएलच्या सणापासून जॉर्जच्या सणापर्यंत, म्हणजे हिवाळ्यात, एका मापास फार तर एक फेनिग घ्यावा. उन्हाळ्यात फार तर दोन. घटकांचे कलम त्यानंतर येते. आणि ‘शुद्धतेची आज्ञा’ हे भारदस्त नाव? ते प्रथम आढळते १९१८ मध्ये, बव्हेरियाच्या विधिमंडळातील चर्चेत. चारशे वर्षे जो भावबांधणीचा कायदा होता, त्याचे बारसे विसाव्या शतकात झाले, आणि आज लोक त्या बारशाच्या नावानेच त्याची कुंडली मांडतात.

प्रतिपक्षाची बाजूही आम्ही नीट मांडतो. त्या काळी बिअरमध्ये नाना प्रकारच्या वनस्पती घातल्या जात आणि त्यांतील काही अपायकारक होत्या. त्यांस आळा बसला हे खरे. गहू बिअरमध्ये गेला तर पाव महागेल, म्हणून गहू भटारखान्यासाठी राखून ठेवावा, हा विचारही प्रजेच्या हिताचा होता. तो तेवढाच असता तर आम्ही लेखणी उचललीच नसती. परंतु पुढील इतिहास पाहा. १५४८ मध्ये त्याच चौथ्या विल्हेल्मने डेगेनबर्ग घराण्यास गव्हाची बिअर गाळण्याचा खास अधिकार दिला. १५६७ च्या आज्ञेत हेच पेय निरुपयोगी, ना पोषण करणारे ना शक्ती देणारे, केवळ अधिक पिण्यास प्रवृत्त करणारे ठरविले गेले. डेगेनबर्गांचा अधिकार मात्र शाबूत राहिला. १६०२ मध्ये ते घराणे निर्वंश झाले आणि त्यांचा मक्ता ड्यूक मॅक्सिमिलियनकडे आला. मग काय झाले? निरुपयोगी पेय एका रात्रीत उपयोगी झाले! १६०७ मध्ये म्युनिकमध्ये खास गव्हाच्या बिअरसाठी सरकारी मद्यशाळा उभी राहिली. ठिकठिकाणी तशाच आणखी निघाल्या, आणि त्यांचे उत्पन्न दरबारी खजिन्याचा मोठा आधार झाले. पावाची काळजी कोठे गेली, हे कोणत्याही आज्ञेत लिहिलेले नाही. हा मक्ता १७९८ पर्यंत चालला. पुढे गव्हाच्या बिअरची आवड मावळत चालली, तेव्हा १८७२ मध्ये गेओर्ग श्नायडर याने राजा दुसरा लुडविग याच्याकडून ती गाळण्याचा अधिकार मिळविला, आणि ही परंपरा वाचली.

येथे एक बारीक गोष्ट उन्हाळ्याच्या संबंधाची आहे. आगीच्या आणि नासाडीच्या भयाने बव्हेरियात १५५३ पासून २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर गाळण्यास बंदी होती, कारण जवाच्या बिअरच्या यीस्टला थंडी लागते. गव्हाच्या बिअरचे यीस्ट उबेत काम करते. म्हणजे उन्हाळ्यात ताजी बिअर देण्याची सोय निसर्गाने ज्या पेयात ठेवली होती, नेमके तेच प्रजेस मना आणि दरबारास मोकळे होते. आम्हांस वाटते, मक्त्याच्या किफायतीचे हे एक मर्म असावे.

बरे, निदान घटकांच्या बाबतीत तरी ही आज्ञा अढळ राहिली काय? तीही राहिली नाही. १५५१ मध्ये बव्हेरियातच धणे आणि तमालाच्या जातीची पाने घालण्याची मुभा मिळाली. १६१६ मध्ये मीठ, जुनिपरची फळे आणि शहाजिऱ्यासारखे बी यांची. बेल्जममधील हूगार्डन गावी पिएर सेलिस याने १९६६ च्या सुमारास तेथील बंद पडलेली गव्हाची बिअर पुन्हा सुरू केली. तीत धणे आणि संत्र्याची साल असते, आणि शुद्धतेचे कैवारी तिच्याकडे नाक मुरडून पाहतात. त्यांच्याच पूर्वजांनी धण्यांस परवाना दिला होता, याची त्यांस गंधवार्ता नसावी.

या सोवळ्याची कायदेशीर परीक्षा अखेर १२ मार्च १९८७ रोजी झाली. जर्मनीच्या नियमांत न बसणारी परदेशी बिअर ‘बिअर’ या नावाने त्या देशात विकता येत नसे. युरोपीय आयोगाने याविरुद्ध फिर्याद केली. जर्मनीचे म्हणणे दुहेरी होते: आमचा ग्राहक बिअर या शब्दाने शुद्ध वस्तूच समजतो, आणि आमच्याकडे बिअर इतकी पितात की मिसळद्रव्यांपासून प्रकृतीस धोका संभवतो. लक्झेंबर्गच्या न्यायालयाने दोन्ही मुद्दे फेटाळले. ग्राहकाची समजूत काळानुसार बदलते, आणि कायद्याने एका देशाची सवय गोठवून धरता कामा नये. ग्राहकाचे रक्षण करावयाचे तर बाटलीवर घटक स्पष्ट लिहावयास लावा. विक्रीस बंदी कशाला? आणि जी मिसळद्रव्ये इतर पेयांत तुम्ही चालवून घेता, ती बिअरमध्येच विष कशी ठरतात? आमच्या मते या निकालातील मधला मुद्दा सोन्याने मढवावा असा आहे. शुद्धतेचे प्रमाणपत्र नको, घटकांची यादी द्या.

कारण प्रमाणपत्र आंधळे असते. २०१६ मध्ये इंगोलश्टाट येथे या आज्ञेचा पाचशेवा वाढदिवस थाटात साजरा झाला. त्याच वर्षी म्युनिकच्या पर्यावरणसंस्थेने जर्मनीतील १४ नामांकित बिअर तपासल्या आणि सर्वांत ग्लायफोसेट या तणनाशकाचा अंश सापडला. प्रमाण अल्प होते, आणि सरकारी तज्ज्ञांनी त्यात प्रकृतीस धोका नाही असे सांगितले. ते आम्ही मान्य करतो. पण चार घटकांची पोथी पाठ म्हणून शेतातील पाचवा घटक कळत नाही, एवढे तरी सिद्ध झाले. दुसरे उदाहरण आमच्या शाकाहारी वाचकांच्या जिव्हाळ्याचे आहे. इंग्लंडात पिंपातील बिअर नितळ करण्यासाठी माशाच्या पोटातील फुग्यापासून केलेले द्रव्य वापरण्याची जुनी रीत आहे. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमाने १.२ टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलेल्या पेयांस घटकयादीतून सूट दिली, आणि नितळविण्यासाठी वापरलेल्या या द्रव्याचा उल्लेखही सक्तीचा ठेवला नाही. पेला आरशासारखा स्वच्छ, आणि त्यात काय फिरून गेले ते पिणाऱ्यास अज्ञात! त्यापुढे आमची गढूळ साक्षीदार बरी. तिला नितळ व्हावयाचेच नसते. जे आहे ते ती गाळासकट पेल्यात ओतते.

गोमंतकीय वाचकांस यातील मर्म लवकर कळेल. उन्हाळ्यात निघणारी हलकी हुर्राक आणि पुन्हा गाळून होणारी काजूफेणी त्यांच्या डोंगरउतारांवरची. फेणीस २००९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. २०१६ मध्ये गोव्याच्या विधानसभेने अबकारी कायद्यात दुरुस्ती करून तिला वारशाचे मद्य म्हटले. त्याआधी सरकारी दप्तरात ती ‘देशी दारू’ होती. या दुरुस्तीने काजूचा रस बदलला नाही, भाटीही बदलली नाही; बदलले ते विशेषण. विशेषण बदलले याचा आम्हांस आनंदच आहे, कारण त्याने कष्टकऱ्यांचा मान वाढतो. परंतु विशेषण ही कायद्याची वस्तू आहे आणि चव ही जिभेची, हा भेद विसरला की बव्हेरियाची गत होते.

आज पुणे, बंगळूर आणि गोवा येथील लहान मद्यशाळांतून गव्हाची बिअर मिळू लागली आहे. तेथे कोणी पाचशे वर्षांच्या शुद्धतेची महती सांगू लागला, तर त्यास शांतपणे तीन प्रश्न विचारावे: यात काय काय आहे? नितळ करावयास काय वापरले? आणि शुद्धतेचा हा नियम ज्याने केला, त्याचा मक्ता कशाचा होता? हेच प्रश्न ‘शुद्ध’ तुपाच्या डब्यास आणि ‘शुद्ध’ मधाच्या बाटलीस लागू आहेत. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील हिरव्या ठिपक्याचा आपणांस जो उपयोग होतो, तो त्याने शुद्धतेची बढाई मारल्यामुळे होत नाही. तो एक साधी वस्तुस्थिती सांगतो, आणि पुढचा निर्णय ज्याच्या त्याच्या धर्मावर सोपवितो. कायद्याने एवढेच करावे. आत काय आहे ते खरे सांगावयास लावावे. ग्राह्य काय आणि वर्ज्य काय, हे ठरविण्यास आमची जीभ आणि आमचा नेम समर्थ आहेत.