ढग काढण्याआधी थांबा! शेवगावकरांना तातडीचं आवाहन

शेवगाव शहर आणि तालुक्यातील बंधू-भगिनींनो,

ज्यांच्या घरात शाळा-कॉलेजात जाणारी मुलं आहेत, त्यांनी हे आवाहन आज वाचावं आणि जेवायला बसल्यावर घरात मोठ्याने वाचून दाखवावं.

विषय आहे व्हेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, आणि त्यातही एका नव्या छंदाचा. यंत्रातून ओढायचं, तोंडातून पांढरा भलामोठा लोट सोडायचा, त्याची वर्तुळं काढायची आणि रील टाकायची. मुलं याला ‘क्लाउड चेसिंग’ म्हणतात. परदेशात याच्या स्पर्धा भरतात. ते व्हिडिओ आता मोबाइलमधून बोधेगावपासून दहिगाव-नेपर्यंत प्रत्येक वाडीवस्तीवर पोचतात, आणि मुलं विचारू लागतात, ‘सुरुवात कशी करायची? कोणतं मशीन घ्यायचं?’

आमचं उत्तर असं: सुरुवातच करू नका. केली असेल तर आज थांबवा. हा सगळा छंद एका वाक्यावर उभा आहे, ‘यात निकोटिन नाही, नुसती वाफ आहे’. ते वाक्य कायद्यासमोर टिकत नाही, आणि फुप्फुसासमोर तर नाहीच नाही.

घरच्यांच्या लक्षात का येत नाही?

आपल्या भागातलं जुनं व्यसन मावा आणि तंबाखूचं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात सुमारे २४ टक्के प्रौढ तंबाखू चघळत होते, ओढणारे जेमतेम चार टक्के. त्यामुळे आपल्या आयाबायांची नजर त्यातच तयार झाली आहे. रंगलेले दात, खिशातली पुडी, बिडीचा वास, हे त्यांना लांबून कळतं. व्हेपचं यंत्र मात्र पेनड्राइव्ह, मार्कर किंवा छोट्या पॉवरबँकसारखं दिसतं. वास येतो आंब्याचा, पुदिन्याचा, बबलगमचा. दाताला डाग नाही, कपड्याला राख नाही. मुलगा दार लावून बसला आणि खोलीत गोड वास आला, तर आई समजते, स्प्रे मारला असेल.

हा माल येतोही ओळखीतून, कोणाच्या तरी मित्राच्या मित्राकडून. शेअर बाजाराच्या नावाखाली आपल्या तालुक्यातल्या लोकांचे कष्टाचे पैसे कसे बुडाले, ते अलीकडेच आपण पाहिलं. तिथेही दार उघडलं होतं ते ओळखीनेच. इथे तर विक्रीच बेकायदा आहे. त्यामुळे बिल नाही, आत काय भरलं आहे याची खात्री नाही आणि फसलात तर दाद मागायला जागा नाही.

तो ढग कशाचा असतो?

ती पाण्याची वाफ नव्हे. यंत्रात तारेचं एक वेटोळं असतं, त्याला कॉइल म्हणतात. कॉइलमध्ये कापसाची वात असते आणि ती लिक्विडमध्ये भिजलेली असते. लिक्विडमध्ये मुख्यतः व्हेजिटेबल ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल, वर स्वादाची रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटिन. तार तापते, द्रव उडतो आणि हवेत त्याचे अतिसूक्ष्म थेंब तरंगतात. तोच ढग. ढग जितका मोठा हवा तितकं ग्लिसरीन जास्त, तार जास्त तापवायची आणि दम छाती भरून घ्यायचा. म्हणजे दिसायला जी गंमत, तीच शरीरात जाणारी मात्रा.

ग्लिसरीन आपण थंडीत फुटलेल्या ओठांना लावतो, खोकल्याच्या औषधातूनही पितो. त्वचेला आणि पोटाला ते चालतं, म्हणून फुप्फुसाला चालेल असं नाही. जास्त तापलं की ते मोडतं आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिन असे श्वासमार्ग जाळणारे पदार्थ तयार होतात. वात कोरडी पडली तर हे प्रमाण आणखी वाढतं. तापलेल्या कॉइलमधून निकेल, क्रोमियम, शिसं या धातूंचे अंश थेंबांत उतरल्याचं तपासण्यांत आढळलं आहे. २०१९-२० मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसाला गंभीर इजा होऊन २,८०७ जण दवाखान्यात गेले किंवा दगावले. त्यांपैकी ६८ मृत्यू नक्की झाले. त्यातली बहुतेक प्रकरणं गांजाचा अर्क असलेल्या, चोरट्या बाजारातल्या लिक्विडची होती. त्यात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटकडे मुख्यतः बोट दाखवलं गेलं. आपल्याकडे मिळणारं प्रत्येक लिक्विड चोरट्या बाजाराचंच आहे, हे या ठिकाणी ध्यानात घ्या.

निकोटिनचं काय? बाटलीवर ‘शून्य’ लिहिलेलं असलं तरी ते तपासणारं कोणी नाही. कपाशीवर तुडतुड्यांसाठी आपण जे इमिडाक्लोप्रिड फवारतो, ते निकोटिनच्याच धर्तीवर घडवलेलं आहे. आणि निकोटिन स्वतः पूर्वी कीटकनाशक म्हणून वापरलं जायचं. घट्ट निकोटिनचे काही घोट रांगत्या बाळाच्या पोटात गेले तरी जीव जाऊ शकतो. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालते; तोवर लागलेली निकोटिनची सवय लक्ष, मनःस्थिती आणि अभ्यास, तिन्ही बिघडवते.

खिशातली बॅटरी

मोठ्या ढगासाठी मुलं कॉइलचा रोध कमी कमी करत नेतात. नववीच्या पुस्तकातला ओहमचा नियम इथे लावून पाहा. पूर्ण चार्ज झालेला लिथियम सेल ४.२ व्होल्टचा असतो. तो ०.१ ओहमच्या कॉइलला जोडला की हिशोबाने ४२ अँपिअर प्रवाह निघतो. घरातल्या गिझरचं सॉकेट १६ अँपिअरचं असतं! बोटाएवढ्या सेलमधून एवढा प्रवाह ओढला तर तो तापतो, फुगतो आणि फुटू शकतो. हाताने जोडलेल्या, सुरक्षा सर्किट नसलेल्या यंत्रांत त्याला अडवणारं काहीच नसतं. मे २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासमध्ये व्हेपचं यंत्र फुटून माणसं गेली. टेक्सासमधला तरुण अवघा २४ वर्षांचा होता. उडालेल्या तुकड्याने त्याच्या मानेतली रक्तवाहिनी तुटली.

कायदा काय सांगतो?

सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ई-सिगारेट बंदीचा कायदा झाला. त्याच्या व्याख्येत ‘निकोटिनसह किंवा निकोटिनविना’ असं स्पष्ट म्हटलं आहे, आणि ई-हुक्काही त्यात आहे. म्हणजे ‘फक्त फ्लेवर आहे’ ही सबब पहिल्याच पानावर संपते. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, वाटप आणि जाहिरात, सगळ्यावर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. आपल्या जागेत जाणूनबुजून साठा ठेवू देणाऱ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. रील करणाऱ्यांनी हेही वाचावं: वापराला प्रत्यक्ष किंवा आडून उत्तेजन देणाऱ्या जाहिरातीत भाग घेणं हाही गुन्हा आहे.

‘इंग्लंडात तर डॉक्टरच देतात,’ असं मुलं म्हणतात. ते अर्धं खरं आहे. तिथे वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्या मोठ्या माणसांना ती सोडवण्यासाठी व्हेपचा पर्याय सुचवला जातो. ज्याने कधी बिडीला हात लावला नाही, त्या पोराने छंद म्हणून ढग काढावेत असं तिथेही कोणी सांगत नाही. उलट मुलांच्या हाती जातात, कचराही वाढतो, म्हणून १ जून २०२५ पासून तिथे वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी आली.

म्हणून आमची विनंती

पालकांनो, खोलीत कारण नसताना फळांचा गोड वास, वेगळ्याच चार्जरचं यंत्र, सॅकमध्ये थेंबाथेंबाने वापरायच्या छोट्या बाटल्या, सारखी तहान आणि कोरडा खोकला दिसला तर चौकशी करा. मारू नका, चारचौघांत पाणउतारा करू नका. मार बसला की मुलगा यंत्र लपवायला शिकतो, सोडायला नाही. पुणे, संभाजीनगरला शिकायला ठेवलेल्या मुलांशीही फोनवर या विषयावर बोला.

शिक्षकांनो, प्रार्थनेच्या वेळी दहा मिनिटं या विषयाला द्या. वर दिलेलं ओहमचं गणित फळ्यावर सोडवून घ्या. उपदेशापेक्षा ते मुलांच्या जास्त लक्षात राहील.

पानटपरी, कॅफे, मोबाइल अ‍ॅक्सेसरीजचे दुकानदार आणि कुरिअरवाल्यांनो, चार पैशांसाठी हा माल ठेवू नका, पोचवू नका. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आगीत १४ जीव गेले. चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्याकडे बोट गेलं आणि २०१८ मध्ये राज्याने हुक्का पार्लर बंद केले. आपल्या गावाने तशा दिवसाची वाट पाहू नये.

गणेश मंडळांनो, मिरवणुकीत, वाढदिवसाच्या स्टेजवर व्हेपचे लोट सोडणाऱ्याला माइकवरून शाबासकी देऊ नका. त्याला खाली उतरवा.

आणि तरुण मित्रांनो, तुमच्याकडे यंत्र असेल तर ते फोडू नका, चुलीत किंवा कचऱ्याच्या ढिगात टाकू नका. लिथियम सेल पेट घेतो. बंद करून घरच्यांच्या हाती द्या. सोडताना चिडचिड होईल, झोप उडेल. पहिले काही दिवस सर्वांत अवघड जातात. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. दम लागत असेल, छातीत दुखत असेल तर थेट सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना व्हेपचं खरं सांगा. ते लपवलं तर उपचार चुकतात.

विक्री दिसली तर पोलीस ठाण्यात कळवा. उपनिरीक्षक आणि त्यावरील अधिकाऱ्यांना कारवाईचा अधिकार आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये तक्रारीसाठी संकेतस्थळही सुरू केलं आहे. तक्रार विकणाऱ्याची करा; ओढणाऱ्या पोराला मात्र आधी घर, शाळा आणि डॉक्टर मिळू द्या.

हे आवाहन आपल्या गल्लीच्या, वर्गाच्या आणि मंडळाच्या ग्रुपवर आजच पाठवा. येत्या ग्रामसभेत, पालक सभेत आणि मंडळाच्या बैठकीत हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्या. मावा गावात रुजला तेव्हा आपण उशिरा जागे झालो. या वेळी वेळ हातात आहे.

आपले,
शेवगावातील काही पालक आणि शिक्षक