बाजाराचा पैसा बाजारातच दिसावा

जबलपूरला पाहुणे आले की भेडाघाट पाहून झाल्यावर त्यांची पावले हमखास बाजाराकडे वळतात. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसच्या स्मरणार्थ उभारलेले कमानिया गेट, आसपास सराफा आणि बडा फव्वारा, जवळच स्त्रियांच्या आवडीचा गंजीपुरा. दागिन्यांपासून बांगड्या-टिकल्यांपर्यंत सारे काही या गल्ल्यांत मिळते. सहजासहजी मिळत नाही ती निर्धास्त चालायला जागा, क्षणभर टेकायला बाक आणि स्त्रियांना संकोच न बाळगता जाता येईल असे स्वच्छतागृह.

खरेदीला आलेली गृहिणी एका हाताने मूल आणि दुसऱ्या हाताने पिशवी सांभाळत, स्कूटर चुकवत चालते आणि काम आटोपताच घर गाठते. आणखी तासभर थांबली असती, तर आणखी दोन दुकानांत गेली असती. म्हणजे गैरसोय तिची होते, तसे नुकसान दुकानदाराचेही होते.

दुकानदार पैसे देत नाहीत असे मुळीच नाही. मालमत्ता कराच्या बिलात समेकित कर, शिक्षण उपकर, नगर विकास उपकर असे रकाने असतातच. कचरा उचलण्याचे शुल्क वेगळे. शिवाय रात्रीच्या चौकीदाराची वर्गणी आणि दुर्गोत्सव-दसऱ्याच्या रोषणाईचा चंदा. गंमत अशी की, चंदा देताना कुरकुर झाली तरी पैसे निघतात, कारण संध्याकाळी दिवे लागलेले डोळ्यांना दिसतात. कराचे पैसे मात्र महापालिकेच्या मोठ्या तिजोरीत जातात आणि त्यातले किती आपल्या गल्लीत परत आले, हे गल्लीतल्या कोणालाच सांगता येत नाही. कर भरण्याविषयीची नाराजी पुष्कळदा इथूनच सुरू होते.

एका रस्त्याचा धडा

हाच प्रश्न कॅनडातील टोरोंटो शहराच्या ब्लूर स्ट्रीट वेस्ट या रस्त्यावरील दुकानदारांपुढे १९६० च्या दशकात उभा राहिला. भुयारी रेल्वे सुरू झाली, मोठमोठी खरेदी केंद्रे उघडली आणि रस्त्यावरचे गिऱ्हाईक आटू लागले. रस्ता सुधारायचा तर वर्गणी हवी. पण वर्गणी देणारे थोडे आणि फायदा सगळ्यांचा, ही अडचण तिथेही होती. अखेर सर्वांनी सक्तीने भरायची पट्टी ठरली आणि १९७० मध्ये ब्लूर वेस्ट व्हिलेज हे जगातील पहिले बाजार सुधार क्षेत्र अस्तित्वात आले. दिवे, बाक आणि फुलझाडांच्या कुंड्या यांवर हा पैसा लागला.

पुढे ही कल्पना 'बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट' या नावाने अमेरिकेत पसरली. आज तिथे अशी हजाराहून अधिक क्षेत्रे आहेत. आपल्याकडे घरपट्टी, पाणीपट्टी असते, तशी ही बाजारपट्टी. न्यूयॉर्कमध्ये नगर प्रशासन ती वसूल करते आणि त्या त्या बाजाराच्या संस्थेच्या हवाली करते. ब्रिटनमध्ये २००३ च्या कायद्याने अशा क्षेत्रांना परवानगी मिळाली. तिथे पट्टी भरणाऱ्यांचे मतदान होते. संख्येनेही बहुमत हवे आणि मालमत्तेच्या करपात्र मूल्यानेही. म्हणजे केवळ चार बडे दुकानदार आपला निर्णय लादू शकत नाहीत. मुदत जास्तीत जास्त ५ वर्षे. त्यानंतर पुन्हा मते मागावी लागतात.

खर्च कशावर?

या संस्थांचा हिशेब पाहिला तर तो एखाद्या नेटक्या घराच्या खर्चासारखा वाटतो. सर्वांत आधी सफाई आणि सुरक्षा : दिवसातून अनेकदा झाडू, कचरापेट्या वेळेवर रिकाम्या करणे, भिंतींवरची चिकटवलेली पत्रके काढणे, गणवेशातील रखवालदार. त्यानंतर दिवे, कुंड्या, बाक, दिशा दाखवणाऱ्या पाट्या. मग सणासुदीचे कार्यक्रम आणि बाजाराची जाहिरात. उरलेला भाग कार्यालय आणि पगार यांवर. हा शेवटचा भाग फुगू लागला की सभासद प्रश्न विचारतात.

यात एक तत्त्व महत्त्वाचे आहे. ही पट्टी पालिकेच्या कामाला जोड म्हणून असते, बदली म्हणून नव्हे. बाजाराने स्वतःचा झाडूवाला ठेवला म्हणून पालिकेने आपला काढून घ्यायचा नाही.

न्यूयॉर्कचे ब्रायंट पार्क एके काळी गुंड आणि नशेबाजांचा अड्डा होते. दुरुस्तीनंतर १९९२ मध्ये ते पुन्हा खुले झाले. त्याची देखभाल करणाऱ्या संस्थेला बाजारपट्टीचाही पैसा मिळतो. तिथली सर्वांत नावाजलेली गोष्ट कोणती, तर सार्वजनिक स्वच्छतागृह! तिथे ताजी फुले ठेवलेली असतात. लोकांना काय हवे असते हे यावरून कळावे.

दुसरी बाजूही पाहा

मात्र पैसा ज्याचा, त्याचाच रस्ता, अशी समजूत झाली की ही व्यवस्था बिघडते. न्यूयॉर्कच्याच ग्रँड सेंट्रल पार्टनरशिप या संस्थेने बेघर माणसांना प्रशिक्षणाच्या नावाखाली कामाला लावून ताशी जेमतेम एक डॉलर दिला. प्रकरण न्यायालयात गेले आणि त्यांना किमान वेतन मिळालेच पाहिजे, असा निकाल १९९८ मध्ये लागला.

आपल्याकडे हा धोका फेरीवाल्यांना आहे. 'बाजार सुधारा' म्हणजे 'हातगाड्या हटवा' असा सोपा अर्थ लावला जातो. वास्तविक गंजीपुऱ्यासारख्या बाजारात पिना, टिकल्या आणि मोसमी फळे विकणाऱ्यांमुळेही गर्दी जमते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहरातील पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. बाजाराचा कोणताही बेत आखताना या लोकांना बैठकीला बोलावणे हा उपकार नव्हे, तर तो त्यांचा अधिकार आहे.

बांधले, पण सांभाळणार कोण?

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेची पहिली २० शहरे जाहीर झाली, त्यांत जबलपूर होते; पुणे आणि सोलापूरही होती. केंद्राकडून प्रत्येक शहराला ५०० कोटी रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. ती योजना ३१ मार्च २०२५ ला संपली. सरकारी योजनेचा स्वभावच असा की ती बांधून देते आणि निघून जाते. दिवा बदलणे, फरशी बसवणे, नळ दुरुस्त करणे ही कामे मात्र दर महिन्याला करावी लागतात आणि त्यासाठी दर महिन्याला पैसा लागतो.

सक्तीची बाजारपट्टी आपल्याकडे रुळलेली नाही आणि आधीच अनेक कर भरणाऱ्यांवर आणखी एक लादणेही योग्य नाही. पण सुरुवात करायला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मुंबईत १९९८ मध्ये स्थापन झालेल्या काळा घोडा असोसिएशनने १९९९ पासून कला महोत्सव भरवला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या पैशातून त्या परिसराच्या डागडुजीला हातभार लावला. तिथे सक्ती नव्हती, फक्त उद्देश ठरलेला होता.

जबलपूरच्या एखाद्या गल्लीतील व्यापाऱ्यांनी चौकीदाराच्या वर्गणीसोबत देखभालीसाठी थोडी रक्कम काढावी. तिचे वेगळे खाते असावे. समितीत दुकानदारांबरोबर भाडेकरू, फेरीवाले आणि नेहमी खरेदीला येणाऱ्या दोन-तीन स्त्रिया असाव्यात. वर्षाला एकच काम हाती घ्यावे, पहिले काम स्वच्छतागृहाचे. जमा किती, खर्च किती, हे दर महिन्याला चौकातील फळ्यावर लिहावे. महापालिकेनेही त्या बाजारातून किती कर मिळाला आणि त्या बाजारावर किती खर्च झाला, हे दोन आकडे त्याच फळ्यावर लिहावेत.

हे दोन आकडे शेजारीशेजारी आले की भांडणे होतील, प्रश्न विचारले जातील. तसे होणे चांगलेच. घरातला खर्च सर्वांसमोर मांडला की उधळपट्टी आपोआप कमी होते. बाजाराचेही तसेच आहे. कर भरणाऱ्याला आपला रुपया कुठे लागला हे दिसले, तर पुढचा रुपया मागताना वसुलीवाल्याला दुकानाची पायरी दोनदा चढावी लागणार नाही.