मॅग्नेशियमच्या गोळ्या, आरओचं पाणी आणि भाकरी: पुणेकरांना नक्की कशाची गरज आहे?

झोप लागत नाही? मॅग्नेशियम घ्या. पायात गोळे येतात? मॅग्नेशियम घ्या. चिडचिड होते, डोकं दुखतं, बद्धकोष्ठता आहे? उत्तर तेच. गेल्या काही वर्षांत इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर या एका खनिजाची मोठी हवा झाली आहे. पूर्वी मेडिकलच्या कपाटात कुठेतरी मागे असलेल्या गोळ्या आता ऑनलाइन दुकानांच्या पहिल्या पानावर दिसतात. सोबत एक वाक्य हमखास असतं: 'आजकालच्या पाण्यात आणि अन्नात मॅग्नेशियम उरलेलंच नाही.'

पुण्यात हे वाक्य पटकन पटतं. घरोघरी आरओ मशीन आहेत, उपनगरांत टँकरचं पाणी आहे, आणि २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड परिसरात पसरलेल्या जीबीएसच्या साथीनंतर पाण्याबद्दलचा संशय वाढला आहे. मग पुण्याच्या पाण्यात मॅग्नेशियम आहे की नाही? आरओमुळे ते खरंच निघून जातं का? आणि गोळी घ्यायची गरज कुणाला आहे?

मॅग्नेशियम शरीरात करतं काय?

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांत आणि उरलेलं बहुतांश स्नायू व इतर पेशींत असतं. रक्तात असतं ते एक टक्क्याहूनही कमी. पेशींमधल्या ३०० हून अधिक रासायनिक क्रियांना त्याची मदत लागते. अन्नातून ऊर्जा तयार करणं, प्रथिनं बनवणं, स्नायू आकुंचन पावल्यावर पुन्हा सैल होणं, नसांमधून संदेश जाणं, हृदयाचे ठोके तालात पडणं, ही सगळी कामं त्यात येतात.

आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ४४० मिलिग्रॅम आणि प्रौढ महिलेला ३७० मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळायला हवं. अन्नातलं सगळं मॅग्नेशियम शरीरात शोषलं जात नाही. साधारण तीस ते चाळीस टक्केच शोषलं जातं, आणि शिफारशीचा आकडा ठरवताना हे गृहीत धरलेलं असतं.

पुण्याच्या नळाला मॅग्नेशियम किती?

इथे पुण्याचा भूगोल कामाला येतो. शहराला मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणसाखळीतून पाणी मिळतं. हे सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाचं पाणी. ते खडकात फार काळ मुरलेलं नसतं, म्हणून त्यात क्षार कमी. अशा पाण्याला 'मऊ' पाणी म्हणतात. साबणाला चटकन फेस येतो आणि किटलीत पांढरा थर फारसा साचत नाही, ही त्याची घरगुती ओळख.

बोअरवेलचं पाणी वेगळं. पुण्याखाली दख्खनचा काळा कातळ आहे. या बेसाल्ट खडकातल्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. पाणी त्याच्या भेगांमधून मुरत जाताना हे क्षार विरघळवून घेतं आणि 'जड' होतं. ज्या सोसायट्या बोअरवर किंवा विहिरींतून भरलेल्या टँकरवर अवलंबून आहेत, तिथल्या नळांच्या तोट्यांवर आणि गिझरच्या कॉइलवर जमणारा पांढरा थर त्याचाच. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. त्यातल्या अनेक भागांत पाणीपुरवठ्याचं जाळं पूर्ण व्हायचं आहे, त्यामुळे एकाच शहरात दोन अगदी वेगळ्या प्रकारचं पाणी प्यायलं जातं.

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत मॅग्नेशियम असणं स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोत नसेल तर ही मर्यादा १०० मिलिग्रॅमपर्यंत जाते. आता साधा हिशेब करू. पाण्यात लिटरमागे ३० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असेल आणि माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पीत असेल, तर पाण्यातून ६० मिलिग्रॅम मिळतं. म्हणजे पुरुषाच्या गरजेच्या साधारण सातवा भाग. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच असेल, तर मिळतात फक्त १० मिलिग्रॅम. म्हणजेच धरणाचं मऊ पाणी पिणाऱ्याला पाण्यातून फारसं मॅग्नेशियम आधीही मिळत नव्हतं.

आरओमुळे काय जातं?

आरओच्या पडद्यातून पाणी दाबाने ढकललं जातं आणि विरघळलेले क्षार मागे राहतात. त्यात नको असलेले क्षार जातात, तसंच कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही जातं. चांगलं मशीन नव्वद टक्क्यांहून अधिक क्षार काढून टाकतं. शिवाय बरंच पाणी सांडपाणी म्हणून वाया जातं.

म्हणूनच राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये, पाण्यातले विरघळलेले क्षार म्हणजे टीडीएस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तिथे आरओ वापरू देऊ नये, अशी भूमिका घेतली होती. खडकवासल्याच्या पाण्याचा टीडीएस या मर्यादेच्या बराच खाली असतो. थोडक्यात, महापालिकेचं धरणाचं पाणी थेट येणाऱ्या घरात आरओ फारसं काही 'सुधारत' नाही. जंतूंची काळजी असेल तर पाणी उकळणं किंवा यूव्हीचं साधं मशीन पुरतं, आणि त्यात मॅग्नेशियम जवळपास तसंच राहतं. उकळल्यावर भांड्याला बसणारा थर मुख्यतः कॅल्शियमचा असतो.

क्षार काढलेलं पाणी वर्षानुवर्षं प्यायल्याने काय होतं, यावर इस्राएलमध्ये बरीच चर्चा झाली. तिथे पिण्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा समुद्राचं पाणी गोडं करून मिळतो आणि त्यात मॅग्नेशियम जवळपास नसतं. असं पाणी पुरवलेल्या भागांत हृदयविकाराचं प्रमाण काहीसं जास्त असल्याचं तिथल्या काही अभ्यासांत दिसलं आणि पाण्यात मॅग्नेशियम परत घालावं अशी मागणी पुढे आली. पण हे अभ्यास 'संबंध' दाखवतात, थेट कारण सिद्ध करत नाहीत.

जीबीएसच्या साथीने काय शिकवलं?

२०२५ च्या सुरुवातीला नांदेड, किरकटवाडी, धायरी आणि सिंहगड रोडच्या परिसरात गिया-बारे सिंड्रोम म्हणजे जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला आणि काहींचा मृत्यू झाला. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. अनेकदा त्याआधी पोटाचा संसर्ग झालेला असतो. पुण्यातल्या काही रुग्णांच्या नमुन्यांत 'कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी' हा जिवाणू सापडला. महापालिकेने खासगी आरओ प्रकल्पांच्या पाण्याचीही तपासणी केली, आणि त्यातल्या काहींचं पाणी पिण्यायोग्य नसल्याचं आढळल्यावर ते बंद करण्यात आले.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. पहिली म्हणजे, 'आरओचं पाणी' ही पाटी जंतुमुक्त पाण्याची हमी नाही. या प्रक्रियेत पाण्यातलं क्लोरीनही निघून जातं. त्यानंतर टाकी, पाइप किंवा जार अस्वच्छ असेल, तर जंतू रोखायला पाण्यात काहीच उरत नाही.

दुसरी गोष्ट थेट मॅग्नेशियमच्या गोळ्यांशी जोडलेली आहे. जीबीएसची सुरुवात अनेकदा हातापायांना मुंग्या येणं आणि पायांतली ताकद कमी होणं अशी होते. सोशल मीडियावर हीच लक्षणं 'मॅग्नेशियमच्या कमतरतेची चिन्हं' म्हणून फिरतात. जुलाब होऊन गेल्यावर काही दिवसांनी मुंग्या येत असतील, जिना चढताना पाय साथ देत नसतील आणि हा अशक्तपणा वाढत असेल, तर गोळी घेऊन वाट पाहण्यात मोलाचे तास जातात. अशा वेळी थेट रुग्णालय गाठायला हवं.

गोळ्यांबद्दल पुरावा काय सांगतो?

झोप: २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ज्येष्ठ नागरिकांवरच्या तीन चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. मिळून फक्त १५१ लोक. मॅग्नेशियम घेणाऱ्यांना सरासरी १७ मिनिटं लवकर झोप लागली, पण पुराव्याचा दर्जा कमी असल्याचं संशोधकांनीच नमूद केलं.

पायात गोळे येणं: नामवंत कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यानुसार वयस्क लोकांच्या पायातले गोळे मॅग्नेशियमने लक्षणीय कमी होण्याची शक्यता फार थोडी आहे. ज्या तक्रारीसाठी या गोळ्या अनेकदा घेतल्या जातात, तिथेच पुरावा कमजोर आहे.

रक्तदाब: २०१६ मध्ये ३४ चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात वरचा रक्तदाब सरासरी २ अंकांनी कमी झाल्याचं दिसलं. परिणाम आहे, पण छोटा. रक्तदाबाच्या गोळीची जागा तो घेऊ शकत नाही.

मायग्रेन: वारंवार होणारा त्रास टाळण्यासाठी काही रुग्णांना उपयोग होतो आणि डॉक्टर तसं सुचवतातही.

मॅग्नेशियम खरंखुरं जीव वाचवणारं औषध ठरतं ते प्रसूती विभागात. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका असतो, त्यावर मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मॅगपाय' चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक महिला होत्या. या इंजेक्शनमुळे झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक कमी झाला. मात्र तिथे मात्रा मोजून दिली जाते आणि लघवी, श्वास, गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया सतत तपासली जाते, कारण मॅग्नेशियम जास्त झालं तर श्वास मंदावतो.

मग कमतरता कुणाला असते?

निरोगी माणसाचं मूत्रपिंड मॅग्नेशियम वाचवून ठेवतं, त्यामुळे गंभीर कमतरता सहसा होत नाही. धोका असतो तो काही ठरावीक लोकांना: साखर नियंत्रणात नसलेले मधुमेही, दीर्घकाळ जुलाब किंवा आतड्यांचे आजार असलेले, नियमित मद्यपान करणारे, लघवी वाढवणारी औषधं घेणारे आणि वर्षानुवर्षं अॅसिडिटीच्या गोळ्या घेणारे. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास मॅग्नेशियम घटू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०११ मध्येच दिला होता. पुण्यात सकाळी चहाआधी ही गोळी स्वतःच्या मनाने घेणारे कमी नाहीत. त्यांच्यासाठी पहिला प्रश्न 'मॅग्नेशियम कुठलं घेऊ?' हा नसून 'ही गोळी अजून लागते का?' हा आहे, आणि तो डॉक्टरांना विचारायला हवा.

रक्ताची तपासणी करता येते, पण तिला मर्यादा आहे. रक्तात शरीरातलं एक टक्क्याहून कमी मॅग्नेशियम असतं, त्यामुळे अहवाल 'नॉर्मल' असूनही साठा कमी असू शकतो. अहवालात ते कमी आलं, तर मात्र दुर्लक्ष करू नये.

गोळी कुणी टाळावी?

मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर जादा मॅग्नेशियम शरीरात साठतं. रक्तदाब घसरणं, स्नायू लुळे पडणं, हृदयाची लय बिघडणं इथपर्यंत मजल जाऊ शकते. मॅग्नेशियम असलेली जुलाबाची आणि अॅसिडिटीची औषधंही यात मोजायला हवीत. थायरॉइडची गोळी आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही अँटिबायोटिक्स मॅग्नेशियमसोबत घेतली, तर त्यांचं शोषण कमी होतं, म्हणून मध्ये काही तासांचं अंतर लागतं. गोळ्यांमधून दिवसाला ३५० मिलिग्रॅमहून अधिक मॅग्नेशियम डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये, असं अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना सांगतात. जुलाब हे अतिरेकाचं पहिलं लक्षण.

लेबलही नीट वाचायला हवं. '१००० मिलिग्रॅम मॅग्नेशियम ग्लायसिनेट' म्हणजे १००० मिलिग्रॅम मॅग्नेशियम नव्हे. त्यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम साधारण १४० मिलिग्रॅम असतं. स्वस्त ऑक्साइडमध्ये वजनाच्या सुमारे ६० टक्के मॅग्नेशियम असतं, पण ते शोषलं कमी जातं.

ताटात काय आहे?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १३३, बाजरीत १२४, नाचणीत १४६ आणि अख्ख्या गव्हात १२५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात ते जेमतेम १९, तर मैद्यात ३० च्या आसपास. धान्याचा कोंडा आणि अंकुर काढला की मॅग्नेशियमही त्याच्यासोबत जातं. म्हणजे 'अन्नात मॅग्नेशियम उरलं नाही' यापेक्षा 'उरलेलं आपण चाळून टाकतो' हे सत्याच्या जास्त जवळ आहे.

साधारण १२० ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकऱ्यांतून १६० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम मिळतं. त्यावर मूठभर शेंगदाणे किंवा दाण्याची चटणी, पालेभाजी, उसळ आणि चमचाभर तीळ आले, की दिवसाच्या गरजेचा मोठा भाग भरून निघतो. हाच माणूस सकाळी बिस्किटं, दुपारी पांढरा भात आणि रात्री पाव किंवा नूडल्स खात असेल, तर आरओ मशीन काढून टाकलं तरी तूट भरणार नाही. लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या पाण्यातून ६० मिलिग्रॅम मिळतील, ताटातून तीनशे जातील.

म्हणून धरणाचं पाणी येणाऱ्या घराने आरओची गरज तपासावी, टँकरवर अवलंबून असलेल्या सोसायटीने मॅग्नेशियमआधी जंतूंची तपासणी करून घ्यावी, आणि मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा अॅसिडिटीची जुनी गोळी असलेल्यांनी बाटली मागवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. बाकीच्यांसाठी महिन्याच्या गोळ्यांच्या पैशात ज्वारी, शेंगदाणे आणि तीळ घरात येतात.