मदतीचा आकडा मोबाईलवर, पण पैसा ठरतो पंचनाम्यावर

पारशिवनी : ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं आणि "कोरडवाहूला हेक्टरी साडेअठरा हजार" हा मेसेज घरोघरी पोहोचला. खात्यात मात्र कमी रक्कम दिसली की शेतकरी विचारतो, बाकीचे गेले कुठं?

आधी हिशेब समजून घेऊ. १८,५०० ही एक रक्कम नाही. त्यात ८,५०० पीक नुकसानीचे आणि १०,००० रब्बीच्या बियाण्यासाठी व इतर खर्चासाठी. दोन्हींचे शासन निर्णय वेगळे. म्हणून पहिल्या हप्त्यावरून मदत कापली असं लगेच समजू नका.

दरही दरवर्षी सारखा राहत नाही. जानेवारी २०२४ च्या निर्णयात कोरडवाहूला हेक्टरी १३,६०० रुपये होते, मर्यादा तीन हेक्टर. ३० मे २०२५ ला सरकार पुन्हा केंद्राच्या दरावर आलं : कोरडवाहू ८,५००, ओलीत १७,०००, बहुवार्षिक २२,५०० आणि मर्यादा दोन हेक्टर. ८,५०० म्हणजे एकरी साधारण ३,४०० रुपये. पऱ्हाटीच्या एका एकराचा खर्च किती, हे आपल्याला सांगायला नको.

म्हणून पंचनाम्यातला एकेक शब्द महाग आहे. पेंचच्या कालव्यावर भिजणारी धानाची बांधी कागदावर "जिरायत" पडली तर दर निम्म्यावर येतो. नुकसान ३३ टक्क्यांच्या खाली लिहिलं तर काहीच मिळत नाही. ई-पीक पाहणीत सोयाबीन आणि वावरात कापूस असेल तर पुढं वाद ठरलेलाच.

आपल्या तालुक्याची आणखी एक गोष्ट आहे. अतिवृष्टीसाठी मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस लागतो. पण ऑगस्ट २०२० च्या अखेरीस पाऊस वर मध्य प्रदेशात कोसळला, तोतलाडोह आणि नवेगाव खैरीचे दरवाजे उघडले आणि पेंच-कन्हान काठची वावरं पाण्याखाली गेली. असं झालं तर नुकसान "पुरामुळे" लिहून घ्या. पूर ही वेगळी आपत्ती आहे, त्याला मंडळातल्या पावसाची अट नाही. वावरात तीन इंचांच्या वर गाळ साचला असेल तर तो काढायला हेक्टरी १८,००० रुपयांची वेगळी तरतूद आहे. तीही नोंदवून घ्या.

पंचनामा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करतात. ते येतील तेव्हा धुऱ्यावर स्वतः हजर राहा. पाणी उतरायच्या आधी फोटो काढून ठेवा. नंतर यादीत नाव, गट नंबर, क्षेत्र तपासा. फार्मर आयडी नसेल तर विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रात ई-केवायसी करावी लागते. आधार खात्याला जोडलेलं नसेल तर मंजूर पैसाही अडकतो. मदतीतून बँकेनं कर्ज कापू नये, असा शासनाचाच आदेश आहे. कापलं तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

दर मुंबईत ठरतो, तो आपल्या हातात नाही. पंचनाम्यात काय लिहिलं जातं, हे मात्र गावातच ठरतं. पाणी उतरायच्या आत जागं राहिलेलं बरं.